इंद्रभानच्या घशातली दुर्बीण

"हे कोनाले पटनार नाही, अन् पटू बी नये," रोहिणखेडच्या हरिओमच्या हॉटेलात बाकावर टेकत इंद्रभान म्हणाला. "पन आज बुलढान्याच्या दवाखान्यात माह्या घशात जी दुर्बीण गेली, ती बाहेर यायलेच तयार नव्हती."

हरिओमच्या हॉटेलात एक रीत होती. ज्याचा चहा आधी संपेल त्यानं बोलायचं, बाकीच्यांनी कपावर फुंकर मारत ऐकायचं. या रीतीपायी इंद्रभाननं चाळीस वर्षं गाळणीखालचा चहा तसाच नरड्यात ओतला. तंबाखू असली तर ती गालात सरकवायची, पण थांबायचं नाही. त्याच्या कानांतून वाफ निघून समोरच्याच्या चष्म्यावर धुकं धरायचं. चष्मेवाले दोघेही अजून हयात आहेत, ज्याला शंका असेल त्यानं विचारून घ्यावं.

आज मात्र त्याच्या कपावर साय धरली होती, आणि त्याच्या जुन्या जोडीदाराचा, पुंजाजीचा, कप केव्हाच रिकामा झाला होता. तरी पुंजाजी गप्प राहिला. त्यानं आपला मान आपणहून सोडला, हे इंद्रभानला मुळीच आवडलं नाही.

दोन महिन्यांपासून त्याचा घास छातीच्या मधोमध अडत होता. बायको, गोजरबाई, भाकरी दुधात कुस्करून देत होती. नागसेन मास्तरांची मुलगी समता गावच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स होती, तिनं दुर्बिणीच्या तपासणीची चिठ्ठी लिहून दिली. ती चिठ्ठी घेऊन इंद्रभान आज सकाळी राजूरचा घाट चढून बुलढाण्याला गेला, दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर तीन तास बसला, आणि आत पाय न टाकता परतीच्या गाडीत चढला. एवढं सोडून बाकी सगळं तो आता सांगणार होता. समताला एकदा पटलं की गोजरबाईला पटणार, आणि मग त्या दाराशी पुन्हा जायचं काम नाही.

दवाखान्यातल्या त्या बाकासमोरच्या भिंतीवर अन्ननळीच्या कॅन्सरची माहिती देणारा एक तक्ता लावलेला होता. तीन तासांत तो इंद्रभानला पाठ झाला होता.

"काय झालं आबा?" समतानं रस्त्याकडेला स्कूटी लावली. "तपासून आले का?"

"बैस पोरी. तुले तरी समजन, हे सगळे अडानी हायेत."

"अडानी त अडानी, पन सांग ना बे लवकर," पुंजाजी म्हणाला.

"तर डॉक्टर म्हने, आबा, अन्ननळीचा कॅन्सर मुख्य दोन जातीचा असते. एक वरच्या नाही त मधल्या भागात. नळीले आतून चपट्या पेशींचं अस्तर राह्यते, त्या अस्तरात तो निपजते. तंबाखू, बिडी, दारू अन् चटका देनारा चहा, हे त्याचं खतपानी."

हरिओमनं चहाचं भांडं स्टोव्हवरून खाली उतरवलं.

"अन् दुसरा?" त्यानं विचारलं.

"दुसरा खाली, पोटाच्या दाराशी. वर्सानुवर्स आंबट पानी वर येते, अस्तर जळते. जळून जळून ते अस्तर जातच बदलून टाकते, आतड्यासारखं होते. तिथून हा दुसरा निघते. पोट सुटलेल्या मानसाले जास्त."

"मंग माह्याकडं काऊन पाहून राह्यला बे?" पुंजाजी म्हणाला.

"पोट समोर आलं म्हनून पाह्यलं."

समता मान डोलावत होती. एक शब्द चुकला नव्हता. इंद्रभानला धीर आला.

तक्त्याचा शेवटचा भाग मात्र त्यानं गाळला. गाठ नळीच्या आत वाढली की वाट अरुंद होते. आधी भाकरी अडते, मग भात, मग पाणी. नळीची भिंत ओलांडून ती बाहेर गेली की आजूबाजूच्या लसिका ग्रंथींमध्ये पसरते. लवकर सापडली तर इलाजाला वाव राहतो. भाकरीची पायरी इंद्रभाननं ओलांडली होती, आणि परवा भातही एकदा थबकला होता. हे वाचूनच तो बाकावरून उठला होता.

"मंग तुह्यात कोनता निघाला?" पुंजाजीनं विचारलं. विचारताना त्यानं रिकामा कप तोंडाला लावला.

"एक बी नाही!" इंद्रभान म्हणाला. "डॉक्टर म्हने, असली रुंद नळी मी जल्मात नाही पाह्यली. लोनारच्या सरोवरात उतरल्यावानी वाटते म्हने. त्यानं माह्या तोंडात वाकून हाक मारली, थे दोनदा वापस आली. सिस्टर म्हने, आबा, इथून त एसटी वळवून नेता येईन. मंग तपासाले तुकडा काढायचा म्हनून चिमटा टाकला, त चिमटाच वाकडा झाला."

"वाकडा झाला?" पुंजाजीच्या चेहऱ्यावर दोन महिन्यांनी रंग आला. "म्हंजे काहीच नाही ना बे तुले?"

इथं थांबला असता तर निभावलं असतं. पण समोरचा माणूस खुलला की इंद्रभानला थांबता येत नसे.

"काहीच नाही! अरे, दुर्बीण खाली पोटात गेली, त तिथं सकाळी स्टँडवर खाल्लेले पोहे. सावलीत मेंढरं बसावं तसे गोल करून बसेल होते. शेंगदाना शेंगदाना वेगळा दिसे. डॉक्टरनं सगळ्या दवाखान्याले बोलावून दाखवले."

पुंजाजीनं मांडीवर थाप मारली. हरिओम खो-खो हसला. समता हसली नाही. ती उठून इंद्रभानच्या समोर येऊन उभी राहिली.

"आबा, दुर्बीण उपाशीपोटी घालतात," ती म्हणाली. "पोटात पोहे दिसले असते त डॉक्टरनं तुम्हाले तिथूनच वापस पाठवलं असतं. तुम्ही आत गेलेच नाही."