सोळा जिल्ह्यांचं घर

चेतनाने खाटेचा पाय धरून ती पुन्हा खिडकीकडे ओढायला सुरुवात केली. आवाज ऐकून तिची आई, सत्यभामाबाई, आतून आल्या आणि त्यांनी दुसरी बाजू दाबून धरली.

"सोड. चारले पाहुणे येऊन राहिले तुले पाहायले."

"उद्या परीक्षा आहे माझी, आई. मशीन कुठं गेली?"

"आतमधी ढकलली. पाहुण्यायनं काय शिलाई मशिनीवर बसायचं?"

चेतनाचं डोकं भणभणलं. सोळा जिल्ह्यांच्या नव्या राज्याची अधिकारी भरतीची परीक्षा होती. समता कॉलोनीतल्या क्लासच्या सरांनी एक युक्ती शिकवली होती. डोळे मिटून मनाने आपल्या घरात फिरायचं आणि एकेका वस्तूवर एकेक जिल्हा मांडायचा, त्याच्या नद्या-खाणींसकट. सोळा वस्तू, सोळा जिल्हे. खाटेवर रायपूर, मशीनवर कोरबा, ट्रंकेवर बस्तर. दोन महिने ती रोज संध्याकाळी घरभर फिरत मोठ्याने हे बसवत होती. घोकंपट्टीने बी.ए.लाच रडवलेल्या मुलीच्या डोक्यात पहिल्यांदा काहीतरी राहू लागलं होतं. आणि आज ती क्लासहून येईपर्यंत आईने सगळं घर फिरवून ठेवलं होतं. आता डोळे मिटले की जुनं घर आणि नवं घर एकमेकांत मिसळत होतं.

"काहून हलवलं? तुले मालूम नव्हतं मी याच्यावर अभ्यास करून राहिली?"

"मले काय मालूम तुमचं क्लासचं? घर झाडलं, सामान सरकवलं."

"एक जिल्हा जागेवर ठेवला नाही तू."

"उगाच बोंबलू नको. जशपूर माठावर होतं. माठाले मी हातबी लावला नाही."

चेतनाने खाट सोडली. सत्यभामाबाई पदराने कपबशा पुसू लागल्या. त्या आधीच पुसलेल्या होत्या.

"कांकेर?" चेतनाने विचारलं.

सत्यभामाबाईंनी पुसलेली बशी पुन्हा उचलली. "आरशावर."

"म्हणजे सगळं मालूम होतं तुले."

"दोन महिने कानाशी बडबडून राहिली. मी का बहिरी आहो?" बाईंचा आवाज चढला. "पास झाली तर कुठं फेकतील तुले? दंतेवाड्याच्या जंगलात? एकटी राहशील तिथं? पोरगा भिलाईच्या स्टील कारखान्यात पर्मनंट आहे. असं स्थळ दारात परत येत नाही."

काही न कळून आईने हे केलं असतं, तर चेतना भांडून मोकळी झाली असती. पण आईने एकेक वस्तू हेरून हलवली होती, आणि वर माठ तेवढा सोडल्याचे उपकार सांगत होती. खुंटीवर तिच्यासाठी इस्त्री केलेली साडी टांगली होती. तिकडे न बघता तिने चपला घातल्या आणि ती घामेजल्या कुर्त्यानेच बाहेर पडली.

रायपूरच्या तात्यापारा वस्तीतल्या घरापुढच्या गल्लीत तिने दातओठ खात पहिल्यापासून सुरुवात केली. इस्त्रीवाल्याच्या ठेल्यावर रायपूर. पिठाच्या चक्कीवर महासमुंद. न्हाव्याच्या खुर्चीत धमतरी. रागात एक बरं होतं, ठेवलेलं पक्कं बसत होतं. आणि चक्की सरकवणं आईच्या बापालाही जमलं नसतं.

तिसऱ्या फेरीला इस्त्रीवाल्याने मान वर केली. "कुछ गुम गया क्या दीदी?"

"नहीं भैया. रख रही हूँ."

चौथ्या फेरीत सोळापैकी पंधरा जिल्हे न अडखळता आले. तेवढ्यात शेजारी ऑटो थांबला. आत पेढ्यांचा डबा मांडीवर घेतलेली एक बाई होती आणि नवा शर्ट घातलेला मुलगा. त्या बाईने डोकं बाहेर काढलं.

"पोरी, रेल्वेवाले शामराव मेश्राम कुठं राहतात?"

शामराव म्हणजे चेतनाचे वडील. मुलाने तिच्याकडे पाहिलं, मग पुन्हा पाहिलं. फोटो त्याच्याकडे गेलेला असणारच.

"सरळ जा," चेतना म्हणाली. "डाव्या हाताचं निळं दार. आई घरीच आहे."

ऑटो पुढे गेला. चेतनाने कोपऱ्यावरच्या सायकलच्या दुकानाची पाटी नीट वाचली आणि तिथे दंतेवाडा ठेवला.