संध्याची कळशी

ललिताच्या घरात ललिताच्या नावाचं भांडं एकही नव्हतं. डबा घ्या, परात घ्या, तांब्या घ्या, काठावर कोरलेलं एकच, 'सौ. संध्या'. संध्या म्हणजे धनराजची पहिली बायको. ती तापानं गेली, मागं सात वर्षांचा महेश राहिला, आणि वर्ष फिरायच्या आत सायखेड्याची ललिता नाशिकला सातपूरच्या त्या दोन खोल्यांत येऊन उभी राहिली. नव्वद सालची गोष्ट.

धनराज कारखान्यात फिटर होता. माणूस वाईट नव्हता, पण शब्द मोजून टाकायचा. लग्नानंतर त्यानं एकच गोष्ट बजावून सांगितली, "तिचं काही मोडीत घालायचं नाही. पोराला तेवढंच उरलंय." झालं! दुसरी एखादी असती तर तिनं घर डोक्यावर घेतलं असतं. ललिता म्हणाली, "बरं." मेलेल्या बाईशी कसलं आलंय वैर?

पोरगं मात्र जवळ येईना. ताट वाढलं की ते उचलून दारात जाऊन बसायचं. हाक नाही, हट्ट नाही, साधं 'भूक लागली' सुद्धा नाही. तीन महिने ललितानं त्याचा आवाज ऐकला तो फक्त बापाशी बोलताना.

मग एक दिवस पाणी भरायची तांब्याची कळशी तळाच्या सांध्यातून गळायला लागली. नणंद, भागुबाई, तेव्हा मुक्कामाला होती. ती म्हणाली, "द्या मोडीत अन् आना नवी. तिच्यात काय सोनं लागून गेलंय?" महेशनं ते ऐकलं मात्र, कळशी पोटाशी धरली आणि असं भोकाड पसरलं की शेजारची चिमणाबाई पीठ मळत्या हातानं धावत आली.

ललिता उठली. तिनं दुकानातून लाख आणली, अंगणातली वीट कुटून तिचा चुरा वस्त्रगाळ केला आणि शेगडी पेटवली. सायखेड्याला तिची आई असंच करायची. कळशीच्या तळाचा सांधा निखाऱ्यावर तापवायचा, ती उपडी घालून लाख आणि चुरा त्यात मुरवायचा, आणि गरम आहे तोवर ओल्या अंगठ्यानं दाबत जायचं. अंगठा भाजतो, भाजू द्यायचा. पोरगं कोपऱ्यातून टक लावून बघत होतं. गार झाल्यावर तिनं कळशीत काठोकाठ पाणी भरलं आणि ती पाटावर ठेवली. महेश हळूच आला. त्यानं कळशीच्या तळाखाली हात घालून चाचपलं, तळवा उलटासुलटा करून पाहिला, आणि म्हणाला, "मावशी, गळत नाही!"

तिला मारलेली त्याची ती पहिली हाक. ललितानं भाजलेला अंगठा तोंडात घातला आणि मोरीत जाऊन पोटभर रडून घेतलं.

त्या दिवसापासून ती दुरुस्तीच्या मागेच लागली म्हणा ना. परातीचा कान निघाला, बसव रिवेट. स्टोव्हचा वायसर सुकला, बुडव तेलात. धनराजच्या पेटीतली हत्यारं त्याच्यापेक्षा तिच्याच हातात जास्त दिसू लागली. चिमणाबाई चिडवायची, "ललिते, तू फिटरची बायको का तूच फिटर गं?" कळशीची लाख दर दोन-तीन वर्षांनी दगा द्यायची. ललिता पुन्हा शेगडी पेटवायची. महेश मोठा झाला, कॉलेजात गेला, आणि तळाखाली हात घालून बघायचं कधी विसरला ते दोघांनाही कळलं नाही.

दोन हजार तीन साली धनराज गेला. महेशला पुण्यात नोकरी लागली, लग्न झालं, फ्लॅट झाला. मग एका दिवाळीला तो आणि त्याची बायको मनीषा टेम्पो घेऊन आले. 'आईची भांडी' न्यायची होती. पितळ आणि तांबं म्हणे आता हॉलमध्ये मांडतात, आणि तांब्यातलं पाणी प्रकृतीला चांगलं.

"अय्या, सगळी कशी जशीच्या तशी आहेत!" मनीषा म्हणाली.

"आईनं जपून वापरली होती," महेश म्हणाला.

घ्या! आई नऊ वर्षं वापरून गेली. पुढची वीस वर्षं काय भांडी आपली आपणच चिंच लावून घासून घेत होती? ललिता चहाचे कप घेऊन दारात उभी होती. ती म्हणाली, "साखर कमी वाटली तर सांगा."

टेम्पो गेला. फळी रिकामी झाली. एक पातेलं, एक कढई आणि दोन स्टीलची ताटं राहिली, आणि एकटीला ती पुरत होती हेच तिला सोसेना. वीस वर्षं ज्या बाईचं नाव रोज हातानं घासलं, तीही सोडून गेली. आता घरात बिघडायलासुद्धा काही उरलं नव्हतं. महेशचा फोन आधी दर रविवारी यायचा, मग महिन्यातून एकदा. तब्येत बरी ना, गोळ्या घेतेस ना, ठेवतो. वर्ष उलटलं तरी पोरगं दारात उभं राहिलं नाही.

आणि मग जानेवारीत एकदा अवेळीच फोन वाजला. "मावशी, ती कळशी गळतेय गं. दुकानदार म्हणतो दुरुस्त होणार नाही. तू काय लावायचीस तिला?"

उत्तर जिभेवर होतं. लाख, विटेचा चुरा, ओला अंगठा. चार शब्दांचं काम. पण त्या क्षणी ललिताच्या डोळ्यांपुढं तळाखाली चाचपणारा तो सात वर्षांचा हात आला, आणि तिला वाटलं, एकदा या कळशीनंच पोर जवळ आणलं होतं. आणेल, पुन्हा आणेल.

"छे रे, फोनवर कसं सांगू?" ती म्हणाली. "ते हातानंच दाखवावं लागतं. रविवारी घेऊन ये ना. मनीषालाही आण."

"रविवारी... बघतो."

'बघतो' म्हणजे येतोच, असं ती धरून चालली. आशा वेडी असते हो. शनिवारी ती लाख घेऊन आली. चुरा एकदा चाळला, पुन्हा चाळला. रविवारी सकाळीच शेगडी भरून ठेवली, भरली वांगी केली, कारण लहानपणी महेश त्यावर तुटून पडायचा. दुपार झाली. वांगी गार झाली. चिमणाबाईनं कुंपणावरून विचारलं, "आला का गं?" ललिता म्हणाली, "गाडी उशिरा सुटली असेल." संध्याकाळी तिनं शेगडीतले कोळसे काढून पुन्हा पोत्यात भरले.

दहा दिवसांनी त्याचा नेहमीचा फोन आला. तब्येत, गोळ्या. तिनं न राहवून विचारलंच, "कळशीचं काय केलंस?"

"हां, ती होय! अगं, तेवढ्यासाठी नाशिकला कुठं येत बसू? मोडीत घातली आणि नवी आणली. नाव मात्र आईचंच घातलंय. तसंच, सौ. संध्या. तुला फरक कळायचा नाही."

धनराजला दिलेला शब्द वीस वर्षं पाळला होता, आणि तिनंच, स्वतःच्या तोंडानं, ती कळशी मोडीत घातली होती. चार शब्द सांगितले असते तर वाचली असती.

"बरं केलंस," ललिता म्हणाली.

"चल, ठेवतो मावशी."

त्यानं फोन ठेवला. तिनं ठेवला नाही. रिसीव्हर तसाच कानाशी धरून ती स्टुलावर बसली.

"अरे, काही अवघड नाही," ती रिकाम्या लाइनच्या घरघरीला म्हणाली. "आधी लाख आणायची. वीट कुटून चाळून घ्यायची. सांधा तापवायचा, कळशी उपडी घालायची, आणि ओल्या अंगठ्यानं दाबत जायचं. भाजतं थोडं. मग पाणी भरायचं, महेश, आणि खाली हात घालून बघायचं."