सातजवळचं शिखर

भाचीनं भर दुपारी दारातच चपला भिरकावल्या आणि म्हणाली, "मामा, संपलं सगळं."

मामा कॉलेजात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला एनएमआर, म्हणजे यंत्राच्या आलेखावरून रेणूची रचना ओळखायचं तंत्र, शिकवायचे. अठरा वर्षं झाली. यंत्र मात्र त्यांनी जन्मात पाहिलेलं नव्हतं! कॉलेजकडे होते ते आलेखांचे चाळीस कागद, आणि त्यांवरच मामांची सगळी दुकानदारी. आलेखातलं कुठलं शिखर कशाचं, हे ओळखलं की रेणू हाती लागतो, असं ते रंगात येऊन सांगत. भाचीही त्यांच्याच वर्गात शिकली, पहिली आली आणि आज एका मोठ्या प्रयोगशाळेत मुलाखतीला गेली होती. जागा एकच होती.

"साधा आलेख होता, मामा. खालच्या पट्टीवर सातच्या जरा पुढे शिखर दिसलं, मी छातीठोकपणे म्हटलं, बेंझिनची रिंग. तर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. ते द्रावकाचं होतं म्हणे! नमुना ज्यात विरघळवतात ना, त्याचं. नेहमीच दिसतं म्हणे. मग आपल्या एकाही कागदावर कसं नव्हतं?"

मामांना एकदम आठवलं. होतं की! पहिल्याच वर्षी, मुलं उगाच गोंधळतात म्हणून, त्यांनी एका रविवारी बसून सगळ्या कागदांवरचं ते शिखर व्हाइटनरनं पुसलं होतं. मग स्वच्छ झेरॉक्स काढून स्वतःची पाठही थोपटून घेतली होती. नंतर साफ विसरून गेले. एवढा शहाणपणा करायला सांगितला होता कुणी?

भाचीला काय सांगणार? ते तसेच उठले, रिक्षा करून प्रयोगशाळेत पोचले आणि तिथल्या मुख्य बाईंसमोर हात जोडून उभे राहिले.

"आज ते शिखर चुकलेल्या मुलीला मीच शिकवलंय. चूक माझी आहे, मॅडम. कागदांवरून मीच पुसलं होतं ते. तिला एकदा परत बोलवा हो. हवं तर लिहून देतो, माझी नोकरी गेली तरी चालेल."

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "जागा दिली, सर. दुसऱ्या मुलीला पत्रही गेलं." मग म्हणाल्या, "पण ती तर वेगळंच म्हणाली. तुला हे कुणी शिकवलं, असं आम्ही विचारलं. तर म्हणे, सरांनी नीट सांगितलं होतं, माझंच वर्गात लक्ष नसायचं."



"खोटं आहे ते, मॅडम. पहिल्या बाकावर बसायची ती. माझा एक शब्द सोडायची नाही."