येरनेयचा कोरा दगड

आमच्या कार्स्टच्या पठारावर माती कमी आणि दगड फार. म्हणून माझे वडील इझिदोर पाथरवट झाले आणि गावातली माणसं गेली की थडग्याच्या दगडावर त्यांची नावं तेच कोरायचे.

एकोणीसशे छत्तीस साली म्हातारा येरनेय वारला. पहिल्या महायुद्धानंतर आमचा मुलूख इटलीकडे गेला होता आणि तोवर तिच्या काळ्या डगल्यांनी, म्हणजे फॅसिस्टांनी, आमची भाषा शाळेतून, चर्चमधून, दुकानांच्या पाट्यांवरून हुसकून लावली होती. माझं मिलोयका नाव शाळेत एमिलिया झालं होतं. आता हुकूम आला होता, की थडग्यावरही इटालियनच नाव हवं. कचेरीतले कारकून काल्वीसाहेब कागद घेऊन आले. त्यावर येरनेयचं नाव होतं, बार्तोलोमेओ.

येरनेयची बायको युष्ताकाकू आमच्या अंगणात बसून होत्या. त्या म्हणाल्या, "हा कोण मेला बार्तोलोमेओ? चाळीस वर्षं मी येरनेयशी भांडले. उद्या त्याच्या शेजारी मला पुरतील, तेव्हा परक्या पुरुषाच्या नावाखाली झोपू होय?"

काल्वीसाहेब खाली बघत म्हणाले, "बाई, हुकूम माझा नाही."

ते गेल्यावर बाबा म्हणाले, "युष्ताकाकू, नाव कसं लिहायचं ते हुकुमात आहे. लिहायलाच हवं, असं कुठंय?"

त्यांनी दगड घासून आरशासारखा केला आणि कोराच उभा केला. महिन्याभरात आणखी तीन घरांनी कोरेच दगड मागितले.

मग शहरातून काळ्या डगल्यांचा ट्रक आला. चौघांनी बाबांना आमच्याच ओट्यावर धरलं आणि त्यांच्याच हातोड्यानं उजव्या हाताची बोटं चेचली. मी दारात उभी होते. बाबा ओरडले नाहीत. मीच ओरडले.

"आता काय करायचं?" आईनं विचारलं.

"पोरीला दोन हात आहेत," बाबा म्हणाले.

तेव्हा मी सोळा वर्षांची होते. त्यांनी सांगायचं आणि मी छिन्नी धरून टाकाऊ दगडांवर अक्षरं गिरवायची. पहिल्या वर्षी निम्मे दगड फुटले. "दगडावर राग काढू नकोस, त्यानं काय केलंय तुझं?" ते म्हणायचे. काल्वीसाहेब एकदा तपासणीला आले, कोऱ्या दगडांपाशी टोपी काढून बराच वेळ उभे राहिले आणि कागदावर लिहिलं, 'पाथरवटाचा हात निकामी, अक्षरं कोरणं अशक्य.' मी बाजूलाच छिन्नी घेऊन बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

त्रेचाळीसच्या सप्टेंबरात इटली शरण गेली आणि काळे डगले पळाले. दुसऱ्या दिवशी सकाळीच युष्ताकाकू काठी टेकत हजर.

"चल गं, उठ. माझ्या माणसाला नाव दे."

दुपारपर्यंत मी 'येरनेय' कोरलं. काकूंना वाचता येत नव्हतं. त्या अक्षरांच्या खाचांतून बोट फिरवत राहिल्या.

"हाच ना गं तो?"

"हो काकू, हाच."

"मग बरंय," म्हणाल्या आणि तिथेच दगडाला टेकून रडायला बसल्या.

कोरे दगड अकरा झाले होते. दोन आठवड्यांत नऊ पुरे केले. मग खालच्या रस्त्यानं जर्मन रणगाडे येत असल्याची बातमी आली. लोक गाठोडी बांधून जंगलाकडे निघाले.

"तू आईबरोबर जा," बाबा म्हणाले.

"दोन राहिलेत, बाबा."

मग त्यांनी डाव्या हातात हातोडा घेतला.

"तू छिन्नी धर," म्हणाले. "आणि बोटं जरा लांब ठेव."