गाडीला थंडी वाजते

"फिरवा चावी."

सुजाताने चावी फिरवली. स्टार्टर घरघरला, पण इंजिन काही सुरू होईना. बॉनेटखाली वाकलेल्या यहयाने डोकं वर न काढताच हात हलवला.

"बस, खलास. बॅटरीला उगाच त्रास नको."

"काही कळलं का, यहयाभाई?"

"वहिनी, डॉक्टरने नाडी धरली नाय तोवर पेशंट जगणार का म्हणून विचारता? जगणार. यहयाच्या दारातून बंद गाडी परत गेलेली नाय अजून."

ही बढाई नव्हती. अल ऐनच्या सनायात, म्हणजे गॅरेजांच्या त्या तेलकट वस्तीत, यहया अडतीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम करत होता. दाभोळच्या खाडीकाठचा माणूस. बाप मासेमारीची जाळी विणायचा, मुलगा वायरी विणायला लागला, एवढाच फरक. वायरींच्या जुडग्याला तो प्लॅस्टिकची पट्टी कधी लावत नसे. मेणाचा दोरा घेऊन बापाने शिकवलेली जाळ्याची गाठ मारायचा. सनायात त्याला हसायचे, पण स्वतःच्या गाडीचं वायरिंग बिघडलं की त्याच्याकडेच यायचे.

समोरची गाडी सत्त्याण्णव सालची, लाल, दोन दारांची, जमिनीला पोट लावून बसणारी स्पोर्ट्स कार होती. सुजाताच्या नवऱ्याची, सतीशची. सतीश जानेवारीत हार्ट अटॅकने गेला आणि गाडीनेही त्या दिवसापासून तोंड उघडलं नव्हतं. शेजारी उभी असलेली त्यांची मुलगी मिहिका फुजैराच्या बंदरात नोकरीला होती. तिने अबुधाबीतली तीन मोठी गॅरेजं पालथी घातली होती. बॅटरी बदलली, प्लग बदलले, पेट्रोलचा पंप बदलला. शेवटी तिन्हींनी एकच निकाल दिला, "ओल्ड कार, मॅडम."

आज बुधवार होता. उद्याच घर सोडून सुजाता कायमची ठाण्याला निघणार होती. गाडी चालू झाली तर मिहिका ती फुजैराला नेणार होती. नाहीतर बंद गाडी रिकव्हरीच्या ट्रकवर लादून आणणारा पठाण तोंडावर सांगून गेलाच होता, "चार बजे आऊँगा. चालू तो चालू, नहीं तो स्क्रॅप."

घड्याळात दीड वाजला होता.

"आधी इथेच यायला हवं होतं," सुजाता म्हणाली. "सतीश म्हणायचेच, वायरीला हात लावायचा तर यहयानेच."

"मग देर का केली?"

सुजाताने मिहिकाकडे पाहिलं. मिहिका फोनकडे पाहत होती. "आई, देअर वॉज नो बोर्ड, नो वेबसाइट, नथिंग," ती म्हणाली.

यहया हसला आणि कामाला लागला. ठिणगी पाहिली, नव्हती. मागे जाऊन पंपाला कान लावला, तोही गप्प होता. दोन्ही एकदम मेले म्हणजे दोन्हींना हुकूम देणारा डबाच उपाशी आहे, हे त्याने ओळखलं. गाडीच्या कम्प्युटरला करंटच मिळत नव्हता. टॉर्च तोंडात धरून तो उताणा होऊन स्टिअरिंगखाली शिरला.

आणि तिथेच थांबला.

बराच वेळ फक्त त्याच्या चपला दिसत होत्या. मग तो हळूहळू बाहेर आला आणि जमिनीवरच बसून राहिला.

"काय झालं?"

"वहिनी, ही गाठ माझी हाय."

सतीशने गाडी घेतली तेव्हा अशा गाड्या चोरीला जायच्या. म्हणून हौशी लोक यहयाकडे येऊन चोरस्विच बसवून घ्यायचे. कुठेतरी लपवलेलं एक बटण, ते दाबल्याशिवाय चावी कितीही फिरवा, गाडी ढिम्म. चोराला माग लागू नये म्हणून यहया सगळ्या वायरी एकाच काळ्या रंगाच्या वापरायचा. बटणाची जागा मालक ठरवणार, आणि ती त्याने कुणालाही सांगायची नाही अशी शपथ यहया घालणार. मग मालक पहिल्यांदा बटण दाबून गाडी सुरू करायचा, तेव्हा यहया भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. स्वतःच बसवलेलं बटण, पण त्या क्षणापासून ते मालकाचं. इंजिनाचा आवाज आला की म्हणायचा, "झालं. मी विसरलो." आणि खरंच विसरायचा. गावाहून बिलकीस, त्याची बायको, फोनवर म्हणायची, "तुमाला सांगितलेलं विहिरीत टाकल्यासारखं." यहयाला तो स्वतःचा मोठेपणा वाटायचा. आज पहिल्यांदाच तो मोठेपणा त्याच्या अंगाशी आला.

"आठवा ना," सुजाता म्हणाली.

"शेकड्यांनी गाड्या केल्या, वहिनी. विसरायचा धंदा होता माझा."

"मग जस्ट बायपास इट, अंकल," मिहिका म्हणाली. "डायरेक्ट वायर जोडा ना."

"बेटा, आत तीस वायरी हायत, तिसाच्या तीस काळ्या. एक चुकली तर डबा जळणार. ह्या गाडीचा डबा आता दुनियेत कुठं मिळत नाय. सगळा डॅशबोर्ड खोलून एकेक तपासायची तर दोन दिवस पायजेत."

दोन दिवस नव्हते. यहयाने सीटखाली चाचपलं, ॲश-ट्रे उपसली, गालिचा उलटला, हॉर्न दाबला, रेडिओची सगळी बटणं दाबली. तीन वाजले. घाम पुसायचंही त्याने सोडून दिलं होतं. पण चेहऱ्यावर काळजी नव्हती, हट्ट होता.

"जागा मालकाने ठरवली म्हणजे मालकाच्या डोक्यात शिरायला पायजे," तो म्हणाला. "सतीशभाऊ गाडीत बसले की काय काय करायचे? पहिल्यापासून सांगा."

सुजाता डोळे मिटून आठवू लागली. "आरसा बघायचे. चष्मा पुसायचे. गणपतीला नमस्कार..."

यहयाने डॅशबोर्डवरचा छोटा गणपती अदबीने उचलून पाहिला. खाली काही नव्हतं.

"ॲण्ड दॅट सिली जोक," मिहिका एकदम म्हणाली. "मी मागच्या सीटवर असायचे. आय मस्ट हॅव बीन फाइव्ह. ही यूज्ड टू प्रेस समथिंग, आणि मी विचारलं की म्हणायचे, गाडीला थंडी वाजते."

"हो, ते आपलं कायमचंच," सुजाता म्हणाली. "पंचेचाळीस डिग्रीत थंडी! मी कधी लक्षच दिलं नाही."

यहया मात्र उठून उभा राहिला होता. आत वाकून त्याने डॅशबोर्डच्या कोपऱ्यातल्या एका बटणावर बोट ठेवलं. मागची काच गरम करायचं बटण. थंड मुलुखात दव घालवायला ते लागतं, या मुलुखात ते जन्मात कुणी दाबत नाही. चोर दाबणार नाही, आणि तीन गॅरेजांतल्या एकाही मेकॅनिकने दाबलं नव्हतं.

टक्.

"फिरवा चावी."

इंजिन दोनदा खोकलं आणि गरजलं. शेजारच्या दुकानांतले लोक बाहेर येऊन पाहू लागले. "काय बोललो होतो?" यहया ओरडला. "बंद गाडी परत जात नाय!" मिहिका टाळ्या पिटत होती.

सुजाताने चावी उलटी फिरवली. गाडी गप्प झाली.

"वीस वर्षं मी त्यांच्या शेजारी बसले," ती म्हणाली. "मला सांगितलं नाही त्यांनी."

"शपथ मी घातली होती, वहिनी. बायकोलासुदा नाय सांगायचं. बायको विश्वासाने भावाला सांगते, भाऊ दोस्ताला."

"मला भाऊ नाहीये, यहयाभाई."

सुजाता स्टिअरिंगवर हात ठेवून रडली. जानेवारीपासून कागदपत्रांच्या आणि सामानाच्या धावपळीत राहून गेलेलं सगळं रडून घेतलं. यहया पाण्याची बाटली हातात धरून उन्हात उभा राहिला.

"त्यांनी शब्द पाळला," थोड्या वेळाने तो म्हणाला. "शपथ घेतात सगळे. आठ दिवसांनी चहाच्या टपरीवर सगळ्यांना ठाऊक असतं. सतीशभाऊंनी शेवटपर्यंत पाळली. असा गिऱ्हाईक मला दुसरा नाय मिळाला."

सुजाताने डोळे पुसले आणि पलीकडच्या, तिच्या नेहमीच्या सीटवर जाऊन बसली. यहयाने आत वाकून बटण पुन्हा वर केलं आणि मिहिकाला म्हणाला, "मालक बदलला की मी जागा बदलतो. अर्धा तास लागंल. कुठं पायजे ते फक्त माझ्या कानात सांग."

मिहिकाने मान हलवली. "नको, अंकल. राहू दे तिथेच."

"मग रीतीप्रमाणे," यहया म्हणाला आणि दुकानात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मागे दार बंद झाल्याचा आवाज आला. चावी फिरली, स्टार्टर घरघरला, इंजिन लागलं नाही. पोरगी विसरली, यहयाला कळलं. तो वळला नाही. मग टक् झालं आणि पाठोपाठ सुजाताचा आवाज आला, "अगं, थंडी वाजते ना तिला."

गाडी गरजली. सनायाच्या वळणावर तिचा आवाज विरेपर्यंत यहया भिंतीकडेच तोंड करून उभा होता.

"झालं," तो भिंतीला म्हणाला. पुढचं ‘मी विसरलो’ मात्र त्याच्याने बोलवेना.