विनेश महाराजांची काचेची नाडी

रेवसच्या जेट्टीपासून जरा आत, विनेश महाराजांच्या मांडवात मंगळवारी पाय ठेवायला जागा नसे. फडक्यानं झाकलेल्या पाटावर तळहाताएवढी, जाड काच असे आणि तिच्यात केसासारख्या बारीक, नागमोडी वाटा. रोग्यानं पेल्यात चूळ टाकायची. महाराज त्यात तीर्थाचे दोन थेंब घालून ते काचेत सोडत. नितळ आत गेलेलं पाणी गुलाबी होऊन बाहेर येई.

"देवाची नाडी हाय ही. रक्तातलं इष दाखवते. पानी नितळ आलं की रोग गेला. मंग सुया-गोळ्या फेकून द्या."

दर मंगळवारी येणाऱ्या सखूबाईंनी तेच केलं. पाचव्या मंगळवारी पाणी नितळ आलं आणि त्यांनी मधुमेहाचं इन्सुलिन थांबवलं. त्यांची मुलगी नूतन नोकरीच्या गावाहून धावत आली, तेव्हा आई बेशुद्ध होती; ती पुन्हा शुद्धीवर आली नाही. तेराव्याला एक भक्त म्हणाला, "म्हातारीची श्रद्धाच कमी पडली." ते वाक्य नूतननं जपून ठेवलं.

महिन्याभरानं ती एक बाटली घेऊन मांडवात आली. महाराज तिला ओळखत नव्हते.

"आई अंथरुणावर आहे. तिची चूळ आणलीय."

पाणी गडद गुलाबी आलं.

"लय इष हाय. पन तीन मंगळवारांत तुजी आय चालत येल."

"माझी आई सखूबाई. तिला जाळून दीड महिना झाला," नूतन म्हणाली. "आणि हे पाणी बोअरिंगचं आहे."

"आत्म्याचं इष असंल," महाराज पुटपुटले, तोवर तिनं पाटावरचं फडकं ओढलं होतं. खाली दुसरी बाटली, बारीक नळी आणि एक चिमुकला नळ.

"मी औषधांच्या कारखान्यात आहे. अशाच काचेत आम्ही दोन रसायनं थोडीथोडी एकत्र आणतो. मोठ्या टाकीत भडकणारी क्रिया हिच्यात शांतपणे होते. ही कुठल्या तरी भंगारातली. तीर्थात जुलाबाच्या जुन्या औषधाची पूड, खालच्या बाटलीत धुण्याचा सोडा. दोन्ही बिनरंगी, भेटले की गुलाबी. नळ बंद केला की तुम्ही बरे."

तिनं नळ बंद केला. थोड्या वेळात पाणी नितळ येऊ लागलं.

पुढं बसलेली रंगू उठली. "मी घरवाल्याच्या टीबीच्या गोळ्या बंद केल्या."

"आजच सरकारी दवाखान्यात ने त्यांना."

महाराज हळूच म्हणाले, "ताई, आपसात मिटवू."

"आई परत आण, मिटवते."

तिनं मांडवातला माईक उचलून महाराजाच्या तोंडाशी धरला आणि बाटलीत काय आहे ते त्याच्याच तोंडून तीनदा वदवून घेतलं. तिसऱ्यांदा तो रडला. तिला दया आली नाही आणि दया न आल्याची लाजही वाटली नाही. पोलिसांना ती आधीच कळवून आली होती. जादूटोणाविरोधी कायद्याखाली त्यांनी त्याला गाडीत बसवलं, तेव्हाच ती खाली बसली.

वाचकहो, डॉक्टरांनी दिलेलं औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका. चमत्कार करणाऱ्याला तो उघड्यावर, तुमच्या भांड्यात, तुमच्या पाण्यानं करायला सांगा. तो रागावला, तर तिथून उठा आणि शेजाऱ्यालाही उठवा.