तिसरं नाव

नियम असा: बायकांच्या शंभर मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात तिघींनी तरी शर्यत पूर्ण करायची. नाहीतर शर्यत बाद, आणि जिंकणारीची राष्ट्रीय निवडही बाद.

त्र्याण्णव साली अख्ख्या हैदराबादेतून नावं आली दोन. मानसी आणि अलका. दोघींना शिकवणाऱ्या त्रिवेणीबाईंनी तिसरं नाव स्वतःचं घातलं. वय बावन्न.

"कायकू तकलीफ, बाई?" पंच प्रतापराव म्हणाले. "या वयात?"

"अर्जात वयाची अट आहे? नाही ना? मग वाजवा शिट्टी."

पहिले पंचवीस मीटर

मानसी बघता बघता पुढे गेली. डोळ्यांना परदेशी गॉगल. सुलतान बाजारात आता तेही मिळतात. त्याच बाजारातल्या शिंप्याने त्रिवेणीबाईंचा पहिला पोशाख अंदाजानेच शिवला होता. माप घ्यायला तो लाजला. एकोणसाठ साली मुलींमध्ये नाव एकटीचं, म्हणून शर्यत रद्द. तरी त्या उतरल्या, शंभर मीटर पोहल्या आणि वेळ कुणी

दुसरे पंचवीस

लिहिलीच नाही. घड्याळ होतं की हातात! पण रद्द शर्यतीची वेळ लिहीत नाहीत म्हणे. असू दे. हात मार, श्वास घे, हात मार. अलका पुढे, मानसी त्याहून पुढे. छान चाललंय. भिंत. वळ. आणि

तिसरे पंचवीस

पोटरीत गोळा! पाय दगडासारखा. तोवर मानसीची शर्यत संपलीही होती. ती दोरीखालून हात पुढे करत आली. "बाई, धरा!"

"हात लावलास तर मी बाद! मग तूही घरी. हो बाजूला!"

मानसीने हात मागे घेतला. त्रिवेणीबाई सरळ उताण्या झाल्या आणि नुसत्या हातांनी पाणी मागे लोटू लागल्या.

"ये क्या, बाई? उलटं?" काठावरून प्रतापराव ओरडले.

"फ्रीस्टाइलमध्ये कसंही पोहता येतं! नियम वाचा!"

अलकाही पोचली. राहिल्या एकट्या

चौथे पंचवीस

त्रिवेणीबाई. वर नुसतं आभाळ, कडेला हिमायतनगरच्या गच्चीवरची नवीकोरी डिश. घाई कसली? भिंत काही पळून जात नाही.

हात भिंतीला लागला.

मानसी किंचाळली. प्रतापराव हसत कागद घडी करू लागले. "हो गया. शर्यत धरली, पोरगी निवडली."

"माझी वेळ?"

"शेवटच्याची कायकू, बाई?"

त्रिवेणीबाईंनी काठावर कोपरं टेकली. "घडी उघडा. लिहा."

त्यांनी लिहिली. तीन मिनिटं अठ्ठेचाळीस.

त्रिवेणीबाईंनी ती दोनदा वाचली. "ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी तीनच्या आत."